कौल आणि जाब

जानेवारी २०२२ मध्ये, गोवा विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसचे उमेदवार पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात गेले, मग बांबोळीच्या क्रूसापाशी आणि मग बेतीच्या दर्ग्यात. तिन्ही ठिकाणी शपथ एकच होती : निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. तिला कारण होते. जुलै २०१९ मध्ये याच पक्षाच्या पंधरापैकी दहा आमदारांनी एकदम भाजपमध्ये प्रवेश केला होता आणि मतदारांचा विश्वास उडाला होता. देवाधर्माला साक्षी ठेवल्यावर तरी लोक विश्वास ठेवतील, असा हिशेब होता. मार्चमध्ये निकाल लागला. पक्षाचे अकरा जण निवडून आले, आणि १४ सप्टेंबरला त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन-तृतीयांश काढले तर सातावर थोडे येतात. आठ जण एकत्र गेले की कायद्याच्या लेखी ते पक्षांतर राहत नाही, विलीनीकरण होते, आणि आमदारकी शाबूत राहते. मतदाराच्या हाती उरली पुढची साडेचार वर्षे.

गोव्यात आणि तळकोकणात देवळात कौल लावतात. देवाला पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवी पडली की डावी यावरून उत्तर समजून घ्यायचे. कौल मागणारा त्या उत्तराने बांधला जातो. मनासारखे उत्तर आले नाही म्हणून ते मोडून चालत नाही. निवडणुकीच्या निकालालाही आपण 'जनतेचा कौल' म्हणतो तेव्हा हीच समजूत त्या शब्दाबरोबर येते : ज्याने कौल मागितला, त्याने तो पाळायचा. पाळला नाही तर काय, याचे उत्तर कौलात नाही. त्यासाठी आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे, जाब. तो विचारावा लागतो. कौल पाच वर्षांतून एकदा द्यायचा असतो, जाब कधीही विचारता येतो. कौल द्यायला आपण सत्तर वर्षांत शिकलो. जाब विचारायला शिकलो नाही. हे पुस्तक या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी आहे.

विषयाला नवखा असलेल्या वाचकाने आधी एक जुना वाद समजून घ्यावा. निवडून दिलेला माणूस आपला मुखत्यार की आपला विश्वस्त? मुखत्याराने सांगितले तेवढेच करायचे. विश्वस्ताने आपल्या भल्याचे काय ते स्वतःच्या बुद्धीने ठरवायचे. १७७४ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मतदारांपुढे एडमंड बर्क यांनी दुसरी बाजू स्पष्ट घेतली : मी तुमच्या हुकुमाने मत देणार नाही, स्वतःच्या विवेकाने देईन. पुढे आयर्लंडच्या व्यापारावरची बंधने सैल करायला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा ब्रिस्टलचे व्यापारी बिथरले आणि १७८० मध्ये बर्कना तिथल्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. मला या कथेचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. बर्क मतदारांविरुद्ध गेले, पण लपून गेले नाहीत. आपण काय करणार हे त्यांनी आधी सांगितले, का केले हेही सांगितले, आणि त्याची किंमत मोजली. विश्वस्त असो की मुखत्यार, हिशेब दोघांनाही द्यावा लागतो.

आपल्याकडे ही गोष्ट मतदानाच्याही आधी सुरू झाली. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते सरकारनियुक्त होते, त्यांना कोणी निवडून दिले नव्हते. व्हाइसरॉयच्या पुणे भेटीच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटेच होते. ते पैसे गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सभागृहात ज्यांना मतच नव्हते अशा माणसांशी त्यांनी स्वतःला बांधून घेतले होते. नंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे केली, तेव्हाही मताचा हक्क मूठभरांनाच होता. तरी मिठावरचा कर कोणाच्या पोटावर येतो हा प्रश्न त्यांनी सरकारला विचारला. मतपेटी येण्याआधी आपल्याकडे जाब आला होता, हे विसरू नये.

मग महाड. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनेही त्याला धरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण ते पाणी ओंजळीत घ्यायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांनी ते पाणी प्यायले, त्यांच्यावर हल्ले झाले, तळे 'शुद्ध' केले गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने महाडपाशी थांबावे असे मला वाटते. कारण महाडच्या नगरसेवकांनी आपल्या मतदारांचे ऐकले होते. त्यांना मते देणारी जी माणसे होती, त्यांच्या मनासारखेच त्यांनी केले. 'सामान्य मतदाराची मूल्ये' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण त्यात कोणाची मोजणी झाली आणि कोण बाहेर राहिले, हे विचारल्याशिवाय तो वापरण्यात धोका आहे. तळ्याच्या काठावर तहानलेला उभा असलेला माणूस त्या मोजणीत नव्हता. म्हणून प्रतिनिधीला मतदारांशी बांधायचे, तर मतदारांनाही कशाशी तरी बांधलेले असावे लागते. आपल्या देशात ते बंधन राज्यघटनेचे आहे. बहुसंख्यांना हवे म्हणून कोणाचे पाणी तोडणारा प्रतिनिधी उत्तरदायी ठरत नाही, मग त्याला कितीही मते पडोत.

महाड पाहिलेल्या माणसानेच पुढे घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवला. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची तुलना केली. एका पद्धतीत स्थैर्य अधिक, दुसरीत जबाबदारी अधिक, आणि आपण जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असे त्यांनी सांगितले. ही जबाबदारी दोनदा तपासली जाते, असेही त्यांनी मांडले. एकदा ठरावीक मुदतीने, मतदारांकडून, निवडणुकीत. आणि रोज, सभागृहात, प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास यांच्या वाटेने. या दोन तपासण्यांपैकी दुसरी आपल्या डोळ्यांआड गेली आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, पुरवण्या मागण्या, लोकलेखा समिती हे शब्द वर्तमानपत्रात येतात आणि जातात. आपल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात काय विचारले, हे सांगू शकणारा मतदार मला क्वचित भेटला आहे.

कौलाची ताकद किती आणि मर्यादा कोणती, हे दाखवणारे दोन प्रसंग आपल्या जवळचे आहेत. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या धोरणावरून चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ते कुलाब्याचे खासदार होते. बाकीचे बहुतेक काँग्रेसजन पक्षशिस्तीत राहिले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने त्यांना धूळ चारली, आणि कराडला यशवंतराव चव्हाणांसारखा नेताही थोडक्यात वाचला. १ मे १९६० ला राज्य झाले. मतदारांनी पक्षाला दिलेली समज पक्षाला ऐकावी लागली होती.

दुसरा प्रसंग गोव्याचा, आणि तो जास्त सूक्ष्म आहे. १९६३ साली गोव्याने भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला निवडून दिले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे हा पक्षाचा जाहीर कार्यक्रम होता. मग विलीनीकरणाला लोकांची संमती आहे असे मानायचे का? तसे मानले गेले नाही, प्रश्न वेगळा काढून विचारला गेला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात ३४ हजारांहून अधिक मतांचे आधिक्य पडले. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. कोणाला हे विसंगत वाटेल, मला तो मतदाराच्या शहाणपणाचा पुरावा वाटतो. कुळांचे हक्क, शाळा, बहुजनांचा मान या गोष्टींसाठी बांदोडकर हवे होते, पण गोव्याची वेगळी ओळख त्यांच्या हवाली करायची नव्हती. एका मतात माणूस असे दहा विचार घालतो, आणि मतपेटीतून बाहेर येतो एकच शिक्का. 'लोकांनी आम्हाला निवडून दिले आहे, म्हणजे आमचे सगळे मान्य केले आहे' असे म्हणणाऱ्या प्रत्येक नेत्यासमोर १९६७ चा गोवा ठेवावा.

कौलाच्या या उणिवेवर उपाय शोधणाऱ्यांच्या ढोबळमानाने चार वाटा आहेत, आणि चौघांचे आपसात पटत नाही.

पहिली वाट कायद्याने शिस्त लावण्याची. १९६७ नंतर देशभर आमदारांची पळापळ इतकी वाढली की हरियाणातल्या एका आमदारावरून 'आयाराम गयाराम' हा शब्द रूढ झाला. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाते. एक-तृतीयांश फुटीची सवलत २००३ मध्ये काढली गेली, दोन-तृतीयांश विलीनीकरणाची राहिली. परिणाम उलटा झाला आहे. एकट्या आमदाराने मतदारांच्या भावनेखातर पक्षाविरुद्ध मत दिले तर तो घरी जातो, आणि जमावाने पक्ष बदलला तर सगळे सभागृहात राहतात. निवाडा करणारे सभागृहाचे अध्यक्ष बहुधा सत्तापक्षाचेच असतात. महाराष्ट्रात शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला, आणि अपात्रतेवरचा अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवू. मतदाराला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दीड वर्ष लागले, एवढे कोणत्याही बाजूच्या मतदाराला खटकायला हवे.

दुसरी वाट माहितीची. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. दुष्काळी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचायचे, आणि ज्यांची नावे आली त्यांनीच उठून सांगायचे की हे काम मी केलेच नाही. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने राज्याचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या आधी आला, केंद्राचा २००५ मध्ये. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावेत, हे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ते बोथट करायला जवळपास सगळ्या पक्षांनी एकत्र येऊन कायदा केला, तोही २००३ मध्ये न्यायालयाने रद्द केला. निवडणूक रोख्यांची गुप्तताही न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोडली. या वाटेने मिळालेले यश मोठे आहे. पण उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र संकेतस्थळावर असणे आणि ते चावडीवर वाचले जाणे यांत फरक आहे. राजस्थानातल्या त्या बायामाणसांनी कागद वाचून दाखवला, म्हणून तो बोलला.

तिसरी वाट परत बोलावण्याची. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात ही मागणी धरली. आमदार-खासदारांच्या बाबतीत ती कधी मान्य झाली नाही. मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठी ती तरतूद आहे आणि वापरलीही गेली आहे. महाराष्ट्रात २०१७ साली थेट निवडलेल्या सरपंचाबाबत एक मधला मार्ग काढला गेला : तीन-चतुर्थांश सदस्यांचा अविश्वास ठराव, आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान. मला ही वाट मर्यादितच रुचते. मोठ्या मतदारसंघात पैसेवाला पराभूत उमेदवार तिचा वापर सूड म्हणून करील. मतदानात 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय २०१३ मध्ये आला, त्यातून नाराजी कळते, जाब नाही.

चौथ्या वाटेवर माझा जीव आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असे म्हटले आणि ते रोजच्या व्यवहारात आणले. निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत बसतात. विषय समजून घ्यायला अभ्यासगट असतो. बाहेरचा माणूस, मग तो अधिकारी असो की पुढारी, गावाच्या सभेत येऊन बोलतो आणि उत्तरे देतो. असेच बळ मला दारूबंदीच्या मतदानात दिसते. गावातल्या बायका अर्ज करतात, मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतदार महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. ज्या बायकांना पुढाऱ्याच्या व्यासपीठावर खुर्ची मिळत नाही, त्यांनी किती गावांत हा निकाल लावून घेतला आहे! दारू नको हे त्यांचे मूल्य आहे, आणि ते सांगायला त्यांना प्रतिनिधीची वाट पाहावी लागली नाही.

मग अडते कुठे? काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका आमदारांच्या कचेरीत मी एक सकाळ बसून होतो. गर्दी दाराबाहेर गेली होती. कोणाची बदली, कोणाचा जातीचा दाखला, कोणाचे दवाखान्याचे बिल, दोन लग्नपत्रिका, एका दहाव्याचे बोलावणे. आमदार पहाटेपासून उभे होते, प्रत्येकाचे ऐकत होते, फोन लावत होते. माणूस कष्टाळू होता, हे मान्य करायला हवे. एका शेतकऱ्याला मी विचारले, पीकविम्यावर अधिवेशनात तुमचे आमदार काय बोलले? तो म्हणाला, "सायेबांनी फोन केला, चार दिवसांत डीपी बसला. आता त्यांला आन् काय इचारावं?"

त्याची चूक नव्हती. जळालेले रोहित्र बदलून मिळणे हा त्याचा हक्क होता, आणि तो त्याला उपकार म्हणून मिळाला. उपकार करणाऱ्याला जाब विचारता येत नाही, ते आपल्या संस्कारात बसत नाही. या पुस्तकाच्या निमित्ताने मला जे ठामपणे म्हणायचे आहे ते हेच. प्रशासन नीट चालत नाही म्हणून प्रत्येक साधे काम आमदाराच्या फोनवर अडते, फोनमुळे झालेले काम ऋण बनते, आणि ऋणको सावकाराला प्रश्न विचारत नाही. १९९३ साली सुरू झालेल्या खासदार निधीने, आणि राज्याच्या आमदार निधीने, हे नाते पक्के केले. सभामंडपावर, बसथांब्यावर, स्मशानाच्या शेडवरही प्रतिनिधीचे नाव लागते, जणू पैसे त्याच्या घरचे. मतदानाच्या आदल्या रात्री येणारे पाकीट त्याच साखळीची शेवटची कडी आहे. ज्या समाजात 'कामाचा माणूस' ही आमदाराची सर्वांत मोठी स्तुती आहे, तिथे कायदे कोणी आणि कोणासाठी केले हे विचारायला कोणी उरत नाही.

वेगळे होऊ शकते, हेही आपण पाहिले आहे. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले, आणि दोनदा पाडलेही. गोरेगावच्या बायकांनी मृणाल गोरे यांना पाणीवाली बाई म्हटले, पण त्या पाण्यासाठी बायका स्वतः हंडे घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. मृणालताईंनी ते पाणी त्यांना दान केले नव्हते.

आज हे सगळे तातडीचे झाले आहे, कारण जाब विचारायची जागाच नाहीशी होण्याचा अनुभव आपण नुकता घेतला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार होता. राज्यातल्या इतर अनेक महापालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचीही हीच गत होती. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचे अंदाजपत्रक एकाही नगरसेवकाशिवाय मंजूर होत राहिले, आणि शहर फारसे हलले नाही. मला या शांततेची भीती वाटते.

या पुस्तकातले लेखक एका विचाराचे नाहीत. काही कायद्याचे अभ्यासक, काही ग्रामसेवक आणि सरपंच, काही विधिमंडळाचे वार्तांकन करून केस पांढरे झालेले पत्रकार. पक्षांतरबंदी कायदा रद्द करावा असे म्हणणारा लेख आणि तो अधिक कडक करावा असे म्हणणारा लेख शेजारी शेजारी आहेत, ते मुद्दाम. संपादकांनी कोणत्याही पक्षाची वकिली केलेली नाही आणि कोणत्याही पक्षाला सूटही दिलेली नाही. लेखनाचा भर सिद्धांतापेक्षा कृतीवर आहे : विधानसभेची प्रश्नोत्तरांची यादी कशी वाचावी, ग्रामपंचायतीचे जमाखर्च कसे मागावे, नगरसेवकाच्या निधीचा माग कसा काढावा. राज्याचा सगळा नकाशा इथे आलेला नाही. आदिवासी भागावर बरेच आहे, वाढत्या उपनगरांवर कमी. ती उणीव पुढे कोणी तरी भरून काढावी.

वाचकाला माझी विनंती एवढीच, की पुस्तक मिटून ठेवण्यापूर्वी आपल्या गावाच्या पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्यावी. ती बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या आसपास असते. तिथे उठून प्रश्न विचारायला कोणाची शिफारस लागत नाही, गावच्या मतदार यादीत नाव असले की पुरते.